‘सोलापूर’मधला ‘ल’ आणि फुटलेला गठ्ठा

सोलापुरात मराठीच्या शेजारी कन्नड, तेलुगू आणि उर्दू नांदतात. अशा शहरातील संगणकावर कोणते फॉन्ट असावेत, या साध्या प्रश्नामागे मुक्त सॉफ्टवेअरच्या इतिहासातील एक रंजक प्रकरण दडले आहे.

२००४ साली रेड हॅट कंपनीने ‘लोहित’ ही भारतीय फॉन्टमाला मुक्त परवान्याखाली खुली केली. मूळ आरेखन पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे. (लोहित म्हणजे तांबडा, कंपनीची खूण नावातच आली!)

फेडोरा लिनक्समध्ये हे सर्व फॉन्ट एकाच मूळ गठ्ठ्यातून तयार होत. तमिळमधील एक अक्षर सुधारले, तरी अख्खा गठ्ठा नव्याने बांधायचा. पुढे तो फोडून भाषावार स्वतंत्र पॅकेजे झाली. सोलापूरकराने मराठी, कन्नड, तेलुगू घ्यावे, बाकीचे सोडावे.

पेच पडला तो देवनागरीत. हिंदी, मराठी, कोकणी, नेपाळी, मैथिली, सिंधी, काश्मिरी अशी सात पॅकेजे आणि बहुतेक अक्षरे तीच. एका जोडाक्षरातील दोष सात ठिकाणी निस्तरायचा! तेव्हा चक्र उलटे फिरले आणि ‘लोहित देवनागरी’ हे सामाईक पॅकेज पुढे आले.

परंतु मराठीचा ‘ल’ पाकळीचा, हिंदीचा दंडाचा. युनिकोडमध्ये दोहोंना एकच संकेतांक. फॉन्टमध्ये दोन्ही आकार ठेवता येतात. मात्र मजकूर मराठी आहे, हे वापरातील प्रोग्रॅमने सांगितले तरच पाकळीचा ‘ल’ उमटतो. न सांगितल्यास ‘सोलापूर’ हिंदी वळणाने दिसते.

माझ्या मते या प्रकरणाचे मर्म इथेच आहे. एका पॅकेजला दुसरे कोणते लागते, याची यादी पॅकेज व्यवस्थापक चोख सांभाळतो. ‘ल’चे अवलंबित्व मात्र त्या यादीत नोंदवताच येत नाही. ते प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या दक्षतेवर टांगलेले असते, आणि त्या काळी अनेक प्रोग्रॅम भाषा सांगतच नसत.

२०१९ मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ८ ची यादी पाहा. हिंदी, कोकणी, मैथिली यांची वेगळी लोहित पॅकेजे तिच्यात नाहीत. ‘लोहित देवनागरी’ आहे. तिच्या शेजारी दोनच भाषा स्वतंत्र उभ्या आहेत : स्वतःची वेगळी अक्षरवळणे असलेली नेपाळी, आणि मराठी.