धरमतरची लाँच, १९५४

बुधवार, १९ मे १९५४. तुम्ही धरमतरच्या धक्क्यावर उभे आहात. अंबेच्या खाडीला ओहोटी लागलीय, चिखलाचा वास नाकात भरलाय. रोह्याहून एस.टी.नं नागोठणं, वडखळ करत आणलेले आजोबा तुमच्या खांद्याला रेलून लाँचची वाट बघतायत. जिल्हा अजून कुलाबा आहे. रोह्याला रेल्वे यायची ती १९८६ साली.

सकाळी आजोबांचा उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली, आणि पाव तासात सगळं पूर्ववत. गेल्या आठवड्यात डाव्या डोळ्यापुढे पडदा उतरला होता. "वारं लागलं असेल, शेकलं की जाईल," असं आजी म्हणाली. तुम्ही मात्र पुढच्या काळातून आला आहात. हात उजवा आणि डोळा डावा, म्हणजे दुखणं मानेच्या डाव्या बाजूच्या कॅरोटिड धमनीत. पेणच्या कारखान्यात घाईनं उन्हात ठेवलेली शाडूची मूर्ती तडकते, तसा धमनीतल्या चरबीच्या थरावरचा पापुद्रा आतल्या दाहानं तडकतो. तिथं गुठळी धरते आणि तिचा कण मेंदूत जाऊन अडकतो. आज तो कण विरघळला. उद्याचं कोण सांगणार?

मुंबईत भाऊच्या धक्क्यावर उतरून तुम्ही इस्पितळ गाठता. आजोबांचं रक्त एका उंच, बारीक नळीत उभं करून ठेवतात. तासाभरात तांबड्या पेशी किती खाली बसतात ते मोजायचं, याला ईएसआर म्हणतात. तास संपतो. "वाढलंय. अंगात कुठंतरी दाह आहे," डॉक्टर म्हणतात. कुठं, ते नळी सांगत नाही. तुम्हाला ओरडून सांगावंसं वाटतं, मानेची सोनोग्राफी करा! पण ते यंत्रच अजून इथं नाही.

नेमक्या याच दिवशी लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलात ईस्टकॉट आणि रॉब हे सर्जन ६६ वर्षांच्या एका बाईची मान उघडतायत. तिला आजोबांसारखे ३३ झटके येऊन गेलेत. शरीर २८ अंशांपर्यंत थंड केलंय. धमनीचा बिघडलेला भाग काढून टोकं जोडतात, तोवर रक्त २८ मिनिटं थांबवलेलं. बाई वाचते, झटकेही थांबतात. आदल्या वर्षी ह्यूस्टनला मायकेल डिबेकींनी अशी धमनी आतून साफ केली होती, पण ते त्यांनी बऱ्याच वर्षांनी छापलं. ही बातमी धरमतरपर्यंत वेळेत पोचणार नाही, याचं वाईट वाटतं.

आता आजच्या रोह्यात या. मुंबईत वडिलांच्या त्याच धमनीवर परवा शस्त्रक्रिया झाली. फोनवर रिपोर्ट येतो आणि सीआरपीचा आकडा बघून तुमच्या पोटात गोळा येतो. घाबरू नका, आधी नमुन्याची वेळ बघा. १९३० साली न्यूयॉर्कमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलेलं हे प्रथिन यकृत तयार करतं. कापाकापी झाली की काही तासांत ते चढतं आणि दोनेक दिवसांत शिखर गाठतं. परवाच्या कापण्याचाच हा आकडा असू शकतो. पुढं तो उतरायला हवा. उतरला नाही किंवा पुन्हा चढला, तर संसर्ग शोधावा लागतो.

शस्त्रक्रियेआधीचा आकडा वेगळा बोलतो. तेव्हाचा वाढलेला सीआरपी किंवा फायब्रिनोजेन, सीबीसी या साध्या रक्तचाचणीतल्या न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइटचं चढं गुणोत्तर, यांचा पुढच्या पक्षाघाताशी संबंध संशोधक तपासतायत. एकट्या रक्तावर मात्र कुणी निर्णय घेत नाही. धमनी किती अरुंद आहे आणि झटका कधी आला, हेच आधी विचारतात, कारण झटक्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत शस्त्रक्रिया झाली तर फायदा सर्वांत जास्त.

म्हणून पेणच्या लॅबमधला ऑपरेशनआधीचा सीबीसी फाइलमधून काढा, त्यावरची तारीख बघा आणि तो आणि सीआरपीचा, असे दोन्ही रिपोर्ट समोर घेऊनच डॉक्टरांना फोन लावा. अ‍ॅस्पिरिन आणि स्टॅटिन किती दिवस, रक्तदाब कितीच्या आत ठेवायचा, आणि पुन्हा रक्त कधी द्यायचं, हेही त्याच फोनवर विचारून घ्या.