गुन्हेगाराची नोंद कोणी लिहिली? नळदुर्ग, देवनार आणि धनेगाव



विद्यापीठातल्या एखाद्या विभागाचा वर्धापनदिन आला की कार्यक्रमाचा साचा ठरलेला असतो. दीपप्रज्वलन, माजी विभागप्रमुखांचे सत्कार, किती जणांची पीएच.डी. झाली त्याची यादी, स्मरणिकेचं प्रकाशन. त्यात वाईट काहीच नाही. पण विभागाचा इतिहास म्हणजे फक्त प्रमुखांची यादी नव्हे. विभाग सुरू होण्याआधी त्या विषयावर कोण लिहीत होतं, कशाच्या आधारावर लिहीत होतं आणि विभागातल्या माणसांनी त्यात काय बदललं, हेही त्यात यायला हवं.

आज गुन्हेगारीशास्त्राबद्दल बोलू. महाराष्ट्रात या विषयाचं जुनं घर म्हणजे मुंबईतली टाटा समाजविज्ञान संस्था, म्हणजेच टिस. तिथल्या या विषयाच्या अध्यापनाने आता सत्तरी ओलांडली आहे. आपल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला १७ सप्टेंबर २०२४ रोजी तीस वर्षं झाली. दोन्ही वर्धापनदिन एकत्र आठवण्याचं कारण सांगतो. मुंबईतल्या त्या विभागाला ज्या प्रश्नाशी झगडावं लागलं, त्याची मुळं आपल्या भागातही सापडतात.

नळदुर्गचा साहेब

फिलिप मेडोज टेलर हे नाव ऐकलंय का? १८२४ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, हा इंग्रज मुलगा निजामाच्या फौजेत दाखल झाला. १८३९ मध्ये त्याची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली आणि प्रचंड खपली. तिचा निवेदक आहे अमीर अली नावाचा ठग. तो आपल्या खुनांची हकीकत एका साहेबाला सांगतो आणि साहेब ती लिहून घेतो. पुढे १८५३ च्या तहाने नळदुर्गचा मुलूख काही वर्षं इंग्रजांकडे गेला, तेव्हा त्याचा कारभार याच टेलरकडे आला. तो मुलूख म्हणजे ढोबळमानाने आजचा धाराशिव जिल्हा, लातूरचा शेजारी. (लातूर स्वतंत्र जिल्हा झाला १९८२ मध्ये. तोवर तोही उस्मानाबाद जिल्ह्यातच होता.)

त्या कादंबरीची मांडणी नीट बघा. बोलतो गुन्हेगार, पण लेखणी अधिकाऱ्याच्या हातात. त्या काळातले खटलेही असेच चालत. पकडलेल्यांपैकी काहींना माफीचा साक्षीदार करायचं आणि त्यांच्या सांगण्यावरून बाकीच्यांना धरायचं. १८३६ च्या ठगीविरोधी कायद्यात तर विशिष्ट गुन्हा सिद्ध व्हायचीही गरज नव्हती. माणूस ठगांच्या टोळीचा आहे एवढं ठरलं की जन्मठेप. ठग नव्हतेच असं मी म्हणत नाही. वाटमारी होती, खूनही होत होते. पण त्या विषयावरचा आपल्याकडचा मजकूर बहुतांशी पकडणाऱ्यांनी जमवलेला आहे, हे विसरून तो वाचता येत नाही.

जन्माने गुन्हेगार

टोळीचा असणं हाच गुन्हा, इथून पुढची पायरी म्हणजे जातीचा असणं हाच गुन्हा. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा नेमका तोच. सुरुवात उत्तर हिंदुस्थानात झाली, पुढे १९११ मध्ये तो सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी झाला आणि १९२४ मध्ये पुन्हा नव्याने लिहिला गेला. एखादी जमात जाहीर झाली की तिच्यातल्या माणसांची नावं रजिस्टरात जायची. ठरल्या वेळी हजेरी द्यायची, हद्द सोडायची तर पास घ्यायचा. १९११ पासून बोटांचे ठसेही घेता येऊ लागले. आपल्या शेजारी सोलापूरला अशा जमातींची मोठी वसाहत होती. तिला लोक आजही 'सेटलमेंट'च म्हणतात.

निजामाचं राज्य वेगळं होतं, ब्रिटिशांचा कायदा तिथे थेट चालत नव्हता. पण शिक्का हद्द ओळखत नाही. आपली भाषाच पाहा ना. 'भामटा' हा शब्द आपण लबाड माणसासाठी सहज वापरतो, आणि भामटा व राजपूत भामटा ही महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीतली नावं आहेत. त्या यादीत १४ नावं आहेत. बंजारा, कैकाडी, वडार, रामोशी, बेरड त्यातच. नांदेड-लातूरच्या वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यांना ही नावं सांगावी लागत नाहीत, कारण ती त्यांच्याच दाखल्यांवर आहेत.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा आला. आता जमातीऐवजी माणसाचं नाव लिहायचं होतं. कोणाचं नाव लिहायचं हे ठरवणारी नजर मात्र बरीचशी जुनीच राहिली.

देवनारची माणसं

याच काळात गुन्हेगारीशास्त्र आपल्याकडे शिकवायचा विषय झालं. १९३६ मध्ये क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने नागपाड्यात सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झालं होतं. १९४४ मध्ये त्याला आजचं नाव मिळालं, १९५४ मध्ये ते देवनारला गेलं. १९५१-५२ मध्ये संयुक्त राष्ट्रांतर्फे वॉल्टर रेकलेस हे अमेरिकी गुन्हेगारीशास्त्रज्ञ भारतात आले आणि त्यांनी तुरुंग-प्रशासनावर अहवाल दिला. मुलांना तुरुंगात ठेवू नका, जेल मॅन्युअल बदला, अधिकाऱ्यांना प्रशिक्षण द्या, असा त्याचा रोख होता. टिसमध्ये हा विषय वाढला तो याच अंगाने, तुरुंग आणि सुधारणा यांचं शास्त्र म्हणून. जे. जे. पनाकल यांच्यासारख्या प्राध्यापकांनी तो वर्गात रुजवला. सागर विद्यापीठात १९५९ मध्ये सुरू झालेल्या विभागाचा तोंडवळा वेगळा होता. तिथे गुन्हेगारीशास्त्राच्या जोडीला न्यायसहायक विज्ञान, म्हणजे प्रयोगशाळा होती.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना दुसरी वाट जवळची वाटते, मलाही वाटते. डाग, ठसा, डीएनए या गोष्टी मोजता येतात. नांदेडला प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेत सात वर्षं वा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञांनी घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे, म्हणजे कामही वाढणार. पण घटनास्थळावरचा ठसा कोणाचा, एवढंच प्रयोगशाळा सांगते. जुळवून बघायला आधी कोणाचे ठसे ठाण्यात घेऊन ठेवलेत, हा प्रश्न प्रयोगशाळेच्या बाहेरचा. तिथे देवनारची वाट लागते.

त्या वाटेवरचं मला सर्वात मोलाचं वाटणारं काम १९९० मध्ये सुरू झालं. प्रा. सनोबर सहानी यांनी 'प्रयास' हा प्रकल्प उभा केला. विभागाने प्रशिक्षित समाजकार्यकर्ते मुंबईच्या तुरुंगात पाठवले. जामिनाची रक्कम नाही, वकील नाही, घरच्यांना पत्ता नाही, अशा कैद्यांसोबत त्यांनी काम केलं. विजय राघवन यांनी ते पुढे वर्षानुवर्षं चालवलं. राघवन आणि रोशनी नायर यांनी महाराष्ट्रातल्या तुरुंगांमधल्या मुस्लिम कैद्यांचा अभ्यास केला, तोही कैद्यांना भेटून, त्यांच्याशी बोलून. बहुतेकांचा संघटित गुन्हेगारीशी संबंध त्यात आढळला नाही. केवळ पोलीस फाइल वाचून हे कळलं नसतं.

हे किती जणांबद्दल आहे? राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोच्या २०२२ च्या आकडेवारीत देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते. त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे खटला अजून संपलेला नाही असे. दर चारांतले तीन. तुरुंगात आहे म्हणून गुन्हेगार, असं समजून कोणी सर्व्हे केला तर त्याचं सँपल सुरुवातीलाच चुकलं.

धनेगावची बाजू

प्रयासच्या थोडं आधी, १९८७ मध्ये, लातूर तालुक्यातल्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' हे आत्मकथन आलं. पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. चोरीचा शिक्का असल्यामुळे काम न मिळणं, काम न मिळाल्यामुळे चोरी, आणि दोन्हींवर पोलिसांचा मार, हा फेरा त्यांनी घरातून पाहिलेला. टेलरच्या कादंबरीनंतर जवळपास दीडशे वर्षांनी या मुलखातून तीच गोष्ट उलट्या बाजूने आली, आणि यावेळी लेखणी शिक्का बसलेल्याच्याच हातात होती. १९९८ मध्ये महाश्वेता देवी आणि गणेश देवी यांच्यासोबत विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी जो गट उभा राहिला, त्यातही गायकवाड होते.

कोणी म्हणेल, आत्मकथन म्हणजे काही डेटा नव्हे. बरोबर, एका माणसाच्या अनुभवावरून टक्केवारी काढता येत नाही. पण मग एफआयआरही एका अधिकाऱ्याने, एका बाजूचं ऐकून लिहिलेली हकीकतच असते. दोन्ही कागद तपासूनच वापरायचे. एकावर सरकारी शिक्का आहे म्हणून तो आपोआप खरा ठरत नाही.

हा वाद जुना झाला असंही समजू नका. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. तुरुंगात जातीवरून कामं वाटणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरल्या. काही राज्यांच्या जेल मॅन्युअलमध्ये विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगारांशी जोडणारे उल्लेख होते, तेही गेले. १८७१ चा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, त्याची सावली मॅन्युअलमधून काढायला २०२४ उजाडलं. मॅन्युअल बदला असं रेकलेस यांनी सांगून तोवर सत्तर वर्षं झाली होती.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

आता कामाचं. तुम्ही पेटची तयारी करत असाल आणि विषय गुन्हेगारीच्या जवळचा असेल, तर गाईडकडे जाण्याआधी तीन गोष्टी पक्क्या करा.

पहिली, आकडा कसा मोजला ते बघा. 'क्राइम इन इंडिया' हा अहवाल १९५३ पासून निघतोय. त्यात एका एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असले तर फक्त सर्वात गंभीर गुन्हा मोजतात. घरफोडी करताना खून झाला तर ती नोंद खुनाची, घरफोडी आकड्यातून गायब. शिवाय हे आकडे घडलेल्या गुन्ह्यांचे नसतात, नोंदवलेल्या गुन्ह्यांचे असतात. एखाद्या जिल्ह्यात पोलिसांनी तक्रारी नीट घ्यायला सुरुवात केली की तिथला 'गुन्हा' वाढलेला दिसतो.

दुसरी, यंत्र कुठे रोखलंय ते बघा. डिटेक्टर एकाच दिशेला वळवून ठेवला तर रीडिंग तिकडूनच जास्त येणार. सिग्नल तिकडेच आहे असं थिसिसमध्ये लिहिलं तर व्हायवात पहिलाच प्रश्न येईल, बाकीच्या दिशांना मोजलं होतं का? चोरी झाली की पोलीस आधी ज्या वस्तीवर जातात, तिथली अटक जास्तच दिसणार.

तिसरी, छोटं आणि पूर्ण होईल असं काम घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर संवेदनशील प्रकरणं वगळता एफआयआर ऑनलाइन टाकाव्या लागतात. न्यायालयाचे निकाल ई-कोर्ट्सवर मिळतात. नांदेड किंवा लातूरमधलं एक पोलीस ठाणं, एक वर्ष, एकच प्रकारचा गुन्हा घ्या. एफआयआरमध्ये काय लिहिलं आणि निकालात काय टिकलं, याचा तक्ता करा. एक्सेल पुरेल. नावं मात्र तक्त्यात आणू नका, प्रकरण क्रमांकावर काम करा आणि विद्यापीठाच्या नैतिकता समितीची परवानगी आधी घ्या.

आज महाज्योतीच्या फेलोशिपवर विमुक्त-भटक्या समाजातली मुलं-मुली पीएच.डी. करताहेत. ज्यांच्या पणजोबांची हजेरी रजिस्टरात लागायची, त्यांच्यातले काही जण उद्या तेच रजिस्टर मूळ साधन म्हणून अभिलेखागारातून मागवतील. विभागाच्या स्मरणिकेत या बदलालाही एखादं पान असायला हवं. तुमच्या घरी किंवा वस्तीवर हजेरीच्या, पासच्या आठवणी सांगणारं कोणी वयस्कर माणूस असेल, तर सिनॉप्सिसची वाट बघू नका. त्यांची परवानगी घेऊन आधी रेकॉर्डिंग करून ठेवा.