ग्रेप ओळी का मोजतो?

मजकुरातले शब्द मोजायला तुमच्यापैकी बरेच जण ग्रेप वापरत असतील. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मीही जुन्या वर्तमानपत्रांच्या फाइल्समध्ये ‘शाळा’ हा शब्द ‘ग्रेप -सी’ने मोजला आणि आकडा थेट प्रकरणात टाकला. गाईड म्हणाले, “एक पान हाताने मोजून बघ.” हाताने नऊ आले, ग्रेपचे सहा! तीन ओळींत तो शब्द दोनदा होता, आणि ग्रेप शब्द नाही, ओळी मोजतो. सगळे तक्ते पुन्हा करावे लागले.

पण ओळीच का? याचं उत्तर इतिहासात आहे.

1951 मध्ये गणितज्ञ स्टीफन क्लीनी यांनी मज्जापेशींच्या जाळ्याचं गणिती प्रारूप तपासताना ‘रेग्युलर इव्हेंट्स’ ही कल्पना मांडली. पॅटर्नमधली * ही खूण तिथलीच: आधीची गोष्ट शून्य किंवा कितीही वेळा. 1968 मध्ये केन थॉम्पसन यांनी हे गणित मजकूर शोधायला कसं वापरायचं ते एका छोट्या निबंधात दाखवलं. पुढे युनिक्सच्या ‘एड’ या एडिटरमध्ये ते आलं. तेव्हा टर्मिनल म्हणजे कागदावर छापणारं यंत्र, त्यामुळे एडचं सगळं काम ओळीवर चाले. ‘जी/आरई/पी’ ही त्याची आज्ञा: पूर्ण फाइलमध्ये पॅटर्न शोध आणि ती ओळ छाप.

ब्रायन कर्निघन सांगतात की, बेल लॅब्जमधले ली मॅकमहन अमेरिकेच्या ‘फेडरलिस्ट पेपर्स’मधल्या निनावी लेखांचे लेखक कोण, याचा शोध घेत होते. मजकूर एडच्या मेमरीत मावेना. म्हणून थॉम्पसननी ती एक आज्ञा वेगळी काढून स्वतंत्र प्रोग्राम केला. तोच ग्रेप, साल 1973. म्हणजे ग्रेपच्या जन्माशीच आपल्यासारखा संशोधनाचा प्रश्न आहे, पण ओळीची सवय त्याने एडकडून घेतली.

आता तुमच्यासाठी तीन गोष्टी.

एक, शब्द मोजायचे तर नंतरच्या आवृत्त्यांत आलेला ‘-ओ’ पर्याय वापरा. तो प्रत्येक जुळणी वेगळ्या ओळीवर देतो. मग त्या ओळी ‘डब्ल्यूसी -एल’ने मोजा.

दोन, शेलमध्ये फाइलच्या नावातला * वेगळा. तिथे तो एकटाच ‘काहीही’ असा अर्थ देतो. म्हणून ग्रेपचा पॅटर्न नेहमी अवतरणचिन्हांत लिहा, नाहीतर शेल आधीच त्याचा अर्थ लावून मोकळं होतं.

तीन, मराठीत सामान्यरूप आहे. ‘शाळा’ शोधलंत तर ‘शाळेत’ सुटतं. नुसतं ‘शाळ’ शोधलंत तर ‘शाळकरी’ही जाळ्यात येतो. कोणती रूपं धरली, ते प्रबंधात स्पष्ट लिहा.

आणि हो, आकडा कितीही छान दिसला, तरी एक पान हाताने मोजाच.