पाण्याची उत्पादकता : रुपये कोणाचे, पाणी कोणाचे?



दुष्काळ पडला की तज्ज्ञ मंडळी एक हिशेब मांडतात. एक घनमीटर पाणी शेतीला दिले तर किती रुपये मिळतात आणि कारखान्याला दिले तर किती? यालाच पाण्याची आर्थिक उत्पादकता म्हणतात. या हिशेबाला आमचा विरोध नाही. तो अर्धाच मांडला जातो, एवढेच आमचे म्हणणे आहे.

शहादा तालुक्यातले म्हसावद पाहा. उत्तरेला सातपुडा, तिथे पावसावर जगणारी आदिवासी गावे. दक्षिणेला तापीकडे उतरणारी काळी जमीन, तिथे ऊस, केळी, पपई. हे अंतर निसर्गाने पाडलेले नाही. भिल्लांच्या जमिनी कर्जात आणि कागदोपत्री फसवणुकीत गेल्या आणि मालक सालदार झाले. १९७१ मध्ये पाटीलवाडीत आदिवासींवर गोळीबार झाला. त्यानंतर अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेने १९७२ पासून जमीन आणि मजुरीचा लढा उभारला. पण जमीन गेली तेव्हा तिच्याखालची विहीर आणि पुढे येणाऱ्या सिंचनावरचा दावाही गेला होता. आपल्याकडे पाणी सातबाऱ्याच्या मागे चालते. ज्याचा सातबारा नाही, त्याला पाणी नाही.

आता उद्योगाचा हिशेब बघू. याच तालुक्यात पुरुषोत्तमनगरला सहकारी साखर कारखाना आहे. साखर कारखाना कागदावर कमी पाण्याचा उद्योग दिसतो, कारण उसातच सुमारे ७० टक्के पाणी असते आणि गाळपात ते पुन्हा वापरता येते. खरे पाणी शेतात जाते. पाटाने भिजवलेल्या उसाला हेक्टरी २०,००० घनमीटरहून अधिक पाणी लागू शकते. राज्याच्या पीकक्षेत्रातला जेमतेम ४ टक्के ऊस सिंचनाचे सुमारे ७० टक्के पाणी घेतो, असे केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाने नोंदवले आहे. म्हणजे पाणी शेतीच्या खात्यावर, साखर उद्योगाच्या खात्यावर आणि हातात कोयता घेऊन स्थलांतर मजुराच्या खात्यावर!

उलट बाजूही बघा. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच उन्हाळ्यात औरंगाबादच्या बिअर कारखान्यांच्या पाण्यात कपात करण्यासाठी उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. रुपयांच्या भागाकारात बिअर ज्वारीला केव्हाही हरवील. म्हणून माणसाची तहान त्या भागाकारात घालायचीच नसते. राज्याच्या २००३ च्या जलनीतीत पिण्यानंतर उद्योग आणि मग शेती असा क्रम होता. तो २०११ मध्ये बदलून शेतीला दुसरे स्थान दिले. पण शेती म्हणजे कोणाची शेती, हा प्रश्न तसाच राहिला.

काही जण म्हणतील, आंबेडकरवादी उद्योगविरोधी आहेत. मुळीच नाही. बाबासाहेबांनी १९१८ च्या लहान शेतजमिनींवरील निबंधातच शेतीवर पडलेला माणसांचा जादा भार ओळखला आणि औद्योगिकीकरण हा उपाय सांगितला. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रममंत्री असताना त्यांनी दामोदर खोऱ्याच्या बहुउद्देशीय योजनेला दिशा दिली. पूरनियंत्रण, वीज, सिंचन हे सारे एकत्र. त्याआधी २० मार्च १९२७ रोजी महाडला त्यांनी दाखवून दिले होते की पाणी हा आधी माणूस म्हणून हक्काचा प्रश्न आहे. चवदार तळे आणि दामोदर खोरे हे एकाच विचाराचे दोन टप्पे आहेत.

मग कोरड्या भागात पाणी उद्योगाला द्यायचे का? जरूर द्या. पण तीन प्रश्न विचारून. त्या पाण्यावर किती कायम रोजगार उभे राहिले? ते भूमिहीन दलित-आदिवासींना मिळाले का? वापरलेले पाणी शुद्ध करून परत दिले का?

याला व्यवहारातला आधारही आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी दिले, उसाला बंदी केली आणि भूमिहीनांचाही पाण्यावर हक्क मानला. हा नियम उपसा योजनांना आणि धरणांना का लागू होऊ नये?

दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये भूमिहीनांच्या सत्याग्रहात जमीन मागितली. आज आपल्याला जमिनीबरोबर पाणीही मागावे लागेल. ग्रामसभेत बसा. गावाचे पाणी कोणत्या पिकाला आणि कोणत्या कारखान्याला जाते, ते लेखी मागा. हिशेबाची वही आपल्या हातात आली पाहिजे.

जय भीम! जय आदिवासी!