आधी उकळा, मग गोठवा

पौषातल्या निरभ्र रात्री अंबड-भोकरदनच्या शिवारात दव जास्त पडतं, आभाळ आलं की कमी. रात्री राखणीला जाणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. जमिनीची ऊब मोकळ्या आभाळाकडे निघून जाते, ढग तिला अडवतात.

याच जोरावर अठराव्या शतकात अलाहाबादेकडचे लोक बर्फ करत. रॉबर्ट बार्कर या इंग्रज सेनाधिकाऱ्याने १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याची कृती लिहिली. मैदानात दोनेक फूट खोल खड्डे, तळाशी ऊस नाहीतर मक्याची वाळकी ताटं, त्यांवर मातीच्या उथळ, सच्छिद्र परळ्या. तिन्हीसांजेला पाणी भरायचं, सूर्योदयाआधी बर्फ गोळा करायचा. ताटांमुळे भुईची ऊब वर येत नसे. आपल्या ज्वारीच्या कडब्यानेही तेच काम केलं असतं. आणि ते पाणी आधी उकळून गार केलेलं असे.

उकळायचं कशाला? त्याच वर्षी स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने दोन्ही पाणी शेजारी ठेवून पाहिलं. उकळून गार केलेलं आधी गोठलं. न उकळलेलं गोठणबिंदूच्या खाली जाऊनही पातळच राहिलं, ढवळल्यावर मात्र त्यात बर्फ धरला. गरम पाणी कधीकधी गार पाण्याआधी गोठतं असं म्हणतात; त्या कोड्याचं एक मूळ मला इथे दिसतं.

कोड्याला नाव मिळालं ते टांझानियातल्या एका शाळकरी मुलाचं. १९६३ साली एरास्टो म्पेम्बाने आइस्क्रीमचं उकळतं दूध निवू न देताच फ्रीजमध्ये ठेवलं आणि ते आधी गोठलं. शिक्षकांना पटलं नाही, वर्गात हसू झालं, तरी त्याने प्रश्न सोडला नाही. पुढे व्याख्यानाला आलेल्या डेनिस ऑसबोर्न या प्राध्यापकांना त्याने तोच विचारला. त्यांनी प्रयोग करवून घेतला आणि १९६९ साली दोघांच्या नावाने लेख छापला. ऑसबोर्न यांचा हा मोठेपणा मला फार मोलाचा वाटतो.

कारणं पुष्कळ सांगतात: वाफेने घटणारं पाणी, उडून जाणारी विरघळलेली हवा, भांड्यातले प्रवाह. पण २०१६ साली बरिज आणि लिंडेन या संशोधकांनी काटेकोर मोजलं, तेव्हा गरम पाणी शून्य अंशाला आधी पोचल्याचा पुरावा मिळाला नाही. तापमापी जरा वरखाली झाली तरी उत्तर फिरतं, असं त्यांना दिसलं. उलट २०२० साली कॅनडात अविनाश कुमार आणि जॉन बेखहोफर यांनी पाण्यातल्या सूक्ष्म मण्यावर हाच परिणाम स्पष्ट दाखवला. तिथे गोठणं नव्हतं, फक्त निवणं होतं.