पुणे नाक्यावरून निघालेली पेटी

१६ फेब्रुवारी १९६८. तुम्ही मुंबईत परळला, केईएम रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहाबाहेर उभे आहात. आत डॉ. पी. के. सेन एका माणसाच्या छातीत दुसऱ्याचं हृदय बसवताहेत. केपटाउनला बर्नार्ड यांनी हे पहिल्यांदा केलं, त्याला जेमतेम अडीच महिने झालेत. नवं हृदय चालू होतं, पण काही तासांतच रुग्ण जातो. शरीर ते परकं हृदय स्वीकारणार की नाकारणार, हे कळायलाही वेळ मिळत नाही. टाके घालणारे हात तयार आहेत. परक्या अवयवावर तुटून पडणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना आवर कसा घालायचा, हे मात्र अजून कुणालाच नीट उमगलेलं नाही.

आता वर्षं पुढे ढकला. १९९०च्या दशकातलं सोलापूर, पूर्व भाग. भिंतीपलीकडे यंत्रमागांचा खडखडाट, आणि तुम्ही ज्याच्या खाटेवर बसला आहात त्याला आईचं मूत्रपिंड बसवलेलं. सकाळच्या ठरलेल्या वेळी तो सायक्लोस्पोरिनच्या कॅप्सूलचं चंदेरी वेष्टन फाडतो आणि खोलीभर उग्र वास पसरतो. हिरड्या सुजल्यात, गालांवर लव दाट झालीय. रात्री पुन्हा तीच गोळी, आणि उद्याही तीच. नॉर्वेच्या मातीतल्या बुरशीपासून मिळालेल्या या औषधाला अमेरिकेत १९८३ मध्ये परवानगी मिळाली आणि प्रत्यारोपणाचं चित्रच पालटलं. टी-पेशींना, म्हणजे पांढऱ्या पेशींतल्या हल्ला करणाऱ्या जातीला, 'वाढा' म्हणून सांगणारा निरोप ते दाबून टाकतं. पण ते दाबतं सगळ्याच टी-पेशींना. एक माग थांबवायला अख्ख्या कारखान्याची वीज तोडावी, तसं. म्हणून संक्रांतीला सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात, बाराबंदी घातलेले भक्त रस्ता भरून टाकतात, तेव्हा हा गडी गर्दीत उतरत नाही. लांबूनच हात जोडतो. साधा ताप त्याला महागात पडू शकतो. आणि मला सगळ्यात जास्त खुपतं ते वेगळंच: ज्या मूत्रपिंडासाठी हे औषध घ्यायचं, त्यालाच ते वर्षानुवर्षांच्या वापराने इजा करू शकतं. आईने दिलेल्या अवयवाची राखण याहून चांगली व्हायला हवी.

१९९८. तुम्ही अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत आहात. उंदराचं यकृत थंड द्रावात ठेवलंय. ते दुसऱ्या उंदरात बसवण्याआधी, थंडीत असतानाच, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मार्फत त्यात एक जनुक सोडलं जातं. टी-पेशीला कामाला लागायला दोन इशारे लागतात: 'हे परकं आहे' हा पहिला, 'आता वाढा' हा दुसरा. या जनुकामुळे यकृत स्वतःच असं प्रथिन बनवू लागतं की दुसरा इशारा टी-पेशीपर्यंत पोचतच नाही. पेशी जागच्या जागी थंडावते. उंदीर दीर्घकाळ जगतात. माणसात हे करण्यात मात्र अडचण होती, कारण जनुक नेणाऱ्या विषाणूवरच शरीर तुटून पडतं. तरी कल्पना वाया गेली नाही. त्याच धर्तीचं प्रथिन, बेलाटासेप्ट, २०११ पासून अमेरिकेत मूत्रपिंडाच्या रुग्णांना शिरेतून दिलं जातंय.

४ एप्रिल २०२४, पवई. आयआयटीच्या सभागृहात तुम्हाला मागे उभं राहायला जागा मिळालीय. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते नेक्सकार१९ ही उपचारपद्धती खुली होतेय. रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णाच्याच टी-पेशी काढायच्या, विषाणूच्या साहाय्याने त्यांत जनुक घालायचं आणि कर्करोगावर सोडायच्या. आयआयटीचे डॉ. राहुल पुरवार यांची चमू आणि टाटा मेमोरियलचे डॉक्टर यांनी हे इथे करून दाखवलं, परदेशापेक्षा कितीतरी कमी खर्चात. टाळ्या वाजवा, पण पुढचं मनात धरा. असंच जनुक-रोपण टी-पेशींच्या दुसऱ्या जातीत, लढाई थांबवणाऱ्या नियंत्रक पेशींत केलं, तर त्या नेमक्या दात्याच्या अवयवापाशी जाऊन बाकीच्या टी-पेशींना शांत करतील, अशी आशा आहे. युरोपात मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाला अशा पेशी २०२२ मध्ये प्रथम दिल्या गेल्या. हे अजून चाचण्यांच्याच टप्प्यात आहे; गोळ्या बंद करण्याची घाई कुणीही करू नये.

शेवटचा टप्पा अजून पंचांगात नाही, तो पुढे कधीतरी यायचा आहे. सोलापूरच्या पुणे नाक्यावरून रुग्णवाहिका सुटते, तुम्ही दात्याचं मूत्रपिंड ठेवलेल्या पेटीजवळ बसला आहात. मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण: अडीचशे किलोमीटर. आज या प्रवासात मूत्रपिंड नुसतं थंड राहतं. त्या दिवशी पेटीतला छोटा पंप त्यातून द्राव फिरवतोय, आणि द्रावात उंदराच्या यकृतात सोडलं होतं तसं जनुक आहे. वाटेतले तासही उपचाराचे झालेत. पलीकडे पुण्यात वाट पाहणारा कदाचित आपल्याच पूर्व भागातला असेल. बरा होऊन परतल्यावर त्याच्या पेशींची तपासणी सोलापुरातच व्हायला हवी. प्रत्येक वेळी मजुरी बुडवून पुण्या-मुंबईची गाडी धरावी लागली, तर पेटीतलं एवढं शास्त्र त्याच्या दारापर्यंत आलंच नाही. आपल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात त्या तपासणीची तयारी आत्तापासूनच सुरू व्हावी.