लाकडाच्या ताठरतेचे अविनाशी मापन
नमुना न कापता लाकडाचा वाकण्यास होणारा विरोध ठरविण्याची पद्धत. जुन्नरजवळील लेण्याद्रीच्या चैत्यगृहात (लेणे क्र. ६) छताच्या फासळ्या लाकडी बांधणीचे अनुकरण करून खडकातच कोरलेल्या आहेत, मावळातील कार्ले येथे मात्र सु. २,००० वर्षांपूर्वीच्या लाकडी फासळ्या टिकून आहेत. त्यांचा तुकडा काढून तपासणे म्हणजे पुरावाच नष्ट करणे होय. सुतार लाकूड ठोकून त्याच्या आवाजावरून पोकळपणा ओळखतो. याच तत्त्वाला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मापनाचे रूप आले. तंतूंच्या दिशेने जाणाऱ्या ध्वनितरंगांच्या वेगाचा वर्ग व घनता यांच्या गुणाकारावरून यंग गुणांक काढतात. कुजलेल्या भागात वेग घटतो. ओलाव्यामुळेही तो बदलतो, म्हणून आर्द्रतेची नोंद आवश्यक असते.